नळाच्या दिवसाचं धुणं

मशीन घरात आली त्याच दिवशी ती कोणाची हे ठरून गेलं. माझी नाही, सासूची नाही. नवऱ्याची. तो एस.टी.त ड्रायव्हर होता, आणि ज्याला मोटर आहे त्याला दुसऱ्यानं हात लावला की ते बिघडतं असं त्याचं ठाम मत होतं. मिक्सर तेवढा त्यानं माझ्यासाठी सोडला होता. मी काही भांडले नाही. नवरा कपडे धुवायला तयार असताना त्याच्याशी भांडायला मला काय वेड लागलं होतं?

मशीन दोन डब्यांची. एकीकडे धुवायचं, मग हातानं काढून दुसरीकडे पिळायला टाकायचं. ठेवली घरामागच्या सांदवाडीत, टिनाच्या छपराखाली, नळाच्या तोटीजवळ. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो, सकाळचा. मधल्या दिवशी बोअरचं पाणी वापरायचं, पण ते इतकं खारं की साबणाला फेस धरत नाही आणि काळा कपडा वाळला की भुरकट दिसतो. म्हणून धुणं नळाच्याच दिवशी. त्या सकाळी गल्लीत कोणी कोणाशी बोलत नाही, जो तो भरत असतो. ड्रम, बादल्या, घागरी, गंज, लेकरांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा.

नवरा ड्यूटी पाहून धुणं लावायचा. त्याची एक पद्धत होती. आधी पाणी, मग पावडर, ती हातानं ढवळून विरघळवायची, आणि मग कपडे. एकेक कपडा उचलायचा, दोन्ही हातांत धरून फाडकन झटकायचा, बाह्या सरळ करायच्या, खिसे चाचपायचे आणि डब्याच्या कडेकडेनं सोडायचा. चादरी वेगळ्या, टॉवेल वेगळे, साड्या वेगळ्या. त्या फाडकन आवाजानं गल्लीतली कुत्री उठून बसायची. भिंतीपलीकडची बाई हटकून विचारायची, "काऊन हो भाऊजी, बायकोचे कपडे धुऊन राह्यले?" तर हा म्हणे, "मी कायले धुतो? मशीन धुते. मी ड्रायव्हर हावो."

डबा तो कधी वरपर्यंत भरायचा नाही. वर वीतभर जागा सोडायचा. राहिलेले कपडे दुसऱ्या खेपेला. मी म्हणायची, अजून दोन टॉवेल सहज जातील की, पाणी कायले वाया घालवता? तो म्हणायचा, "गाडीत लोक माह्या मनाविरुद्ध कोंबतात. इथं तरी माह्या मनानं भरू दे." मला वाटायचं हा नखरा आहे. पुरुषाला घरातलं एखादं काम दिलं की तो त्याचं शास्त्र करतो, तसलं काहीतरी.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात तिघंच, तो, मी आणि त्याची आई. सासूला मी आईच म्हणते. तशी आमची दोघींची फार माया होती असं नाही. भांडणंही नव्हती. ती तिच्या कामात, मी माझ्या. तिचे आतले कपडे, परकर, ती कधी मशीनमध्ये टाकत नसे. पोरगा धुणं लावतो, त्याच्या हाती ते कसे द्यावे म्हणून न्हाणीत स्वतः धुवायची आणि साडीच्या खाली झाकून वाळत घालायची. आमच्याकडच्या जुन्या बायका असंच करतात. बाईचा परकर दोरीवर उघडा दिसला तर घराची अब्रू गेली असं त्यांना वाटतं.

मागच्या वर्षी, कापूस घरी यायला लागला त्या दिवसांत, नवरा ड्यूटीवरून आला, छातीत दुखते म्हणाला, आणि वर्ध्याला नेईपर्यंत गेला. एवढंच आहे. यात सांगण्यासारखं जास्त काही नाही, आणि असलं तरी मला ते सांगता येत नाही.

मी रडले नाही. बायका म्हणत, रडून घे बाई, मोकळी होशील. मी हो म्हणायची. चहा घे म्हटलं तरी हो, पडून राहा म्हटलं तरी हो. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. कोणी पाठीवरून हात फिरवला तर हात फिरतो आहे एवढं कळायचं. सासूही रडली नाही. भिंतीला टेकून एका जागी बसून राहायची, कोणी उठवलं तरी उठायची नाही. बायका आमच्याकडे पाहायच्या आणि मग एकमेकींकडे पाहायच्या. पाहोत बापड्या. त्यांना तरी दुसरं काय काम होतं.

मी देवळीला एका जिनिंगच्या ऑफिसात काम करते. कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना तो. हंगामात तिथं हवेतच रुई असते. ती पदराला बसते, केसांना बसते, भुवयांनासुद्धा बसते. तेरवी झाली आणि मी कामावर गेले. लोकांना वाटलं मोठी खंबीर बाई आहे. खंबीर कसली, घरी बसले काय आणि तिथं बसले काय, मला सारखंच होतं. तिथं निदान पंखा मोठा होता.

मशीन आता माझी झाली. कोणी दिली नाही, मागे राहिली म्हणून झाली. नळाच्या दिवशी सकाळी टोपल्यातला ढीग उचलायचा, डब्यात ओतायचा, हाताच्या कोपरानं दाबायचा, वरून पावडर भुरभुरायची, झाकण लावायचं आणि कळ फिरवायची. साड्या, चादरी, टॉवेल, रुई लागलेले ब्लाऊज, पायपुसणं, सगळं एका खेपेत. दुसरी खेप लावायला वेळ नव्हता असं नाही. मन नव्हतं. तो नळाचा आवाज, ते ढवळणं, ते झटकणं, त्यातलं काही मला करायचं नव्हतं. पाणी येतंय तोवर एकदाचं सगळं आत ढकलायचं आणि मोकळं व्हायचं, बस.

वाळत घालायचं काम सासूनं आपणहून घेतलं. तिचे गुडघे गेलेले. मी म्हटलं राहू द्या, मी घालून जाते. तर म्हणाली, "तुही बस जाईन. तू जाय." मी गेले. त्या दिवसांत मला कोणी जा म्हटलं की बरंच वाटायचं.

हळूहळू कपडे बिघडायला लागले. आधी काळ्या ब्लाऊजवर पावडरचे पांढरे ओघळ दिसायला लागले. मग रुईचे गोळे, सगळ्यांच्या सगळ्यांना. एकाची रुई दुसऱ्याला लागायची आणि तिथंच बसायची. आणि मग वास. ओले असेतोवर साबणाचा, वाळले की दुसराच. आंबट, कोंदट, गोठ्याच्या कोपऱ्यात येतो तसला. मी पावडर दुप्पट केली. वास गेला नाही, चादरी मात्र पापडासारख्या कडक झाल्या. निंबू पिळून पाहिलं. मशीनच सडली असं मनाशी ठरवलं आणि विषय सोडून दिला.

एक दिवस ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईनं आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. वर माझ्याकडे पाहून हसली. मी घरी येऊन ते सासूला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, आज बस उशिरा आली असं सांगतात तसं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. पण त्या दिवसापासून ती माझ्याजवळ बसेनाशी झाली. जेवायचं ताट घेऊन आपल्या खोलीत जायची. मी म्हटलं, असेल. माणसाचं मन असतं.

मग नणंद आली. नवऱ्याहून लहान, रोहण्याला दिलेली, शेतीचं भरलं घर, आणि तोंड असं की गाडीच्या हॉर्नची गरज नाही. हातपाय धुऊन आली, मी टॉवेल दिला, तिनं तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला.

"वहिनी, टावेल वास मारून राह्यला."

"हो," मी म्हटलं. "मशीन खराब आहे."

"मशीन कायची खराब? दादा होता तवा तं असं नोहतं." ती आईच्या खोलीत जाऊन आली. तिथून ओरडूनच बोलली. "इथंई तोच वास हाये. आईच्या गादीले, पांघरुनाले. तुमी दिवसभर कामावर. आईकडे पाह्यते कोन?"

बोलण्यासारखं होतं, पण ते जिभेपर्यंत येईना. नणंद आईपाशी बसली आणि नेहमीचंच म्हणाली, चाल माह्यासंग. हे ती वर्षभर दर वेळी म्हणत होती आणि सासू दर वेळी तिला उडवून लावत होती. जावयाच्या दारात बसून भाकर मोडायला मी काय निराधार आहे का, म्हणायची. त्या दिवशी मात्र ती खाली पाहत म्हणाली, "नेजो."

नणंदेलाही ते अपेक्षित नव्हतं.

"खरंच?"

"आयतवारी येजो. गाडी करून आनजो. पेटी जड होईन."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बरं म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. त्यात साखर टाकायची राहिली. तिघींनी तो तसाच प्यायला.

म्हणजे आयतवारी सासू जाणार आणि मग या घरात मी एकटी. हे मला कळत होतं, पण उद्या सोमवार आहे हे कळतं तसं कळत होतं. दुखत नव्हतं. दुखायला पाहिजे, हेही कळत होतं. नवरा गेला तेव्हा एक भांडं उपडं झालं, आता दुसरं होईल, एवढंच. फक्त एका गोष्टीची मला चीड आली, आणि ती चीडसुद्धा खूप दिवसांनी आली म्हणून ओळखू यायला वेळ लागला. वास मारणारे कपडे घेऊन माझ्या घरून माणूस जाणार नाही. रोहण्याला पेटी उघडली की नणंद साऱ्या गावाला तो वास दाखवील. आईचे काय हाल केले पाहा म्हणेल. सासू जायची असेल तर जावो, पण कपडे स्वच्छ घेऊन जाईल.

आयतवारच्या आदल्या दिवशी नळ होता. मी ऑफिसातून सुट्टी घेतली, घरी सांगितलं नाही. सकाळी सासू भिंतीपलीकडच्या बाईचा निरोप घ्यायला गेली आणि मी सांदवाडीत गेले. टोपलं भरलेलं होतं. नेहमीसारखं सगळं डब्यात ओतलं, दाबलं, पाणी सोडलं, कळ फिरवली. झाकण मात्र लावलं नाही. पाट घेतला, मशीनपुढे ठेवला आणि पाहत बसले.

पाहत बसणं मला जमत होतं. वर्षभर मी तेच करत होते. भिंतीकडे, पंख्याकडे, बसच्या खिडकीबाहेर. आता मशीनकडे. मोटर घरघरत होती, डबा थरथरत होता आणि कपडे जागचे हलत नव्हते. वरच्या चादरीची एक घडी पडली होती, ती घडी तशीच. खाली कुठेतरी पाणी फिरत असेल, वर त्याचा पत्ता नाही. पावडर चादरीवर तशीच कोरडी पडलेली. बराच वेळ पाहिलं. घडी मोडली नाही.

म्हणजे वर्षभर मी कपडे धुतलेच नव्हते. फक्त ओले केले होते. मला हसू आलं असतं, पण आलं नाही. मशीन बंद केली, सगळे कपडे उपसून मोठ्या टबात काढले, पाणी सोडून दिलं. खालची जाळी काढली तर तिच्यात रुई इतकी गच्च की उशी भरावी. ती बोटांनी खरवडून काढली.

मग पहिल्यापासून सुरू केलं. पाणी, मग पावडर, हातानं ढवळली. चादरी बाजूला टाकल्या. एक साडी उचलली, झटकली, कडेनं सोडली. ती आपोआप फिरून मध्ये गेली, खाली गेली आणि दुसऱ्या बाजूनं वर आली. दुसरी सोडली. तीही गेली. त्या एकमेकींना घासत खाली जात होत्या आणि वर येत होत्या, आणि पाणी काळं होत होतं. किती काळं, मला बघवेना. आता कळलं तो वर वीतभर जागा का सोडायचा. कपड्याला वर यायला जागा लागते. आणि झटकायचा का तेही कळलं. चुरगळलेला गोळा तसाच टाकला तर तो गोळाच राहतो, आतपर्यंत पाणी जात नाही. जिवंत असताना विचारलं असतं तर त्यानं मोठ्या हौसेनं सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. नखरा म्हटलं होतं.

टबात खाली हात घातला तर काहीतरी जड लागलं. वर काढलं. जुन्या टॉवेलची गाठोडी होती, चारी कोपरे ओढून घट्ट गाठ मारलेली. मला वाटलं सासूनं काही धान्यबिन्य बांधून ठेवलं आणि चुकून धुण्यात आलं. गाठ ओली होऊन दगड झाली होती. दातांनी सोडवायला तोंडाजवळ नेली आणि वास आला. तोच वास. सगळ्या कपड्यांचा, गादीचा, माझ्या ब्लाऊजचा. तो इथून येत होता.

नखं घालून गाठ सोडवली. आत दोन परकर होते, गुंडाळून गुंडाळून बोळा केलेले, आणि जुन्या लुगड्याच्या फाडलेल्या घड्या. सगळं लघवीनं पिवळं पडलेलं. नळाच्या पाण्यात बुडूनही त्या बोळ्याच्या पोटात पाणी गेलं नव्हतं.

मी एक परकर उचलून झटकला. का झटकला सांगता येत नाही, हाताला तेच वळण लागलं होतं. फाडकन आवाज झाला. आणि मागून दार वाजलं. सासू भिंतीचा आधार घेत घाईघाईनं आली होती, धाप लागली होती तिला. तिची नजर आधी मशीनपाशी गेली, मग माझ्यावर, मग माझ्या हातातल्या परकरावर.

"मले वाटलं तो हाये," ती म्हणाली. "आवाज आला."

मग ती उंबऱ्यावरच बसली. पदर तोंडापुढे धरला. मी परकर हातात घेऊन तशीच उभी. नळ चालू होता, टब भरून पाणी वाहत होतं, दोघींपैकी कोणी तोटी बंद केली नाही.

"आई, हे कवापासून?"

"तो गेला तवापासून. तेरवीच्या दिवशी पयल्यांदा झालं. बाया बसल्या होत्या सगळ्या. मले समजलंच नाई, बसल्या जागी झालं. मंग उठता आलं नाई. उठलं असतं तं दिसलं असतं ना. म्हनून बसून राह्यलो." आमच्याकडे जुन्या बायका अशाच बोलतात, राह्यलो, गेलो. "लोक म्हनत, पोराच्या दुःखानं दगड झाली."

मला ती भिंतीला टेकून बसलेली आठवली. मलाही तसंच वाटलं होतं. मीही तिच्याकडे पाहून म्हटलं होतं, दुःखानं बसली आहे. होती दुःखानंच बसलेली, तसं पाहिलं तर.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"कोन्या तोंडानं सांगू?" पदराआडून ती बोलत होती. "हातानं पिळनं होत नाई आता. म्हनून गाठ मारून खाली टाकत होतो टोपल्यात. तू पायत नोहती. वाळत घालताना काढून घेत होतो."

"आन् रोहण्याले काय करणार होत्या? तिथं भरलं घर. जावई, नातू. तिथं कोन्या टोपल्यात टाकणार होत्या?"

तिनं पदर आणखी वर ओढला.

"ताईले सांगतलं का?"

"नाई."

"मंग जाता कायले?"

"तुहे कपडे खराब होऊन राह्यले म्हनून." तिनं पदर खाली केला. "थे बाई तुह्यापासून उठून गेली ना, ऑफिसात. माह्यापायी गेली. पोरगा होता तं तू माही सून होती, सोसलं असतं. आता तोच नाई. तू माही कोन लागते? तुले कायले हे धुवा लागावं?"

मला राग आला. असा राग आला की कानापर्यंत गरम वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी पूर्ण वाटलं आणि तो राग होता. ही बाई रोज माझ्या हातचं जेवत होती, मी रोज हिच्या औषधाच्या गोळ्या काढून देत होते, आणि ही मनात म्हणत होती, तू माझी कोण.

"सून लागते," मी म्हटलं. आवाज चढला होता. "सूनच लागते. यायनं जाताना माहा राजीनामा नाई नेला संगं. तुमी ठरवून टाकलं आपल्या मनानं, मी कोन आन् मी कोन नाई. मले विचारलं? मले किळस येईन, मले लाज वाटन, म्हनून तुमी पेटी भरली. आन् मी मागं काय करू? एकटीचे कपडे किती असतात? दोन साड्या आन् एक टावेल टाकून हे मशीन फिरवत बसू?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी एवढं एका दमात लग्नापासून कधी बोलले नव्हते.

"मले तुमी घरात पाह्यजे," मी म्हटलं. हे मात्र हळू निघालं, आणि निघाल्यावर मलाच कळलं की ते खरं आहे. "बाकी मले काई समजून नाई राह्यलं. पण हे समजते."

मी तोटी बंद केली. परकर आणि त्या घड्या बादलीत थंड पाण्यात बुडवल्या, दोनदा पाणी बदललं. तोवर पहिली खेप झाली, ती पिळायला टाकली. मग मी परकर एकेक करून झटकले आणि मशीनमध्ये सोडले. इतर कपड्यांत मिसळले नाहीत. सासू उंबऱ्यावरून उठून जवळ आली. डब्यात वाकून पाहत होती. परकर उघडे होऊन पाण्यात फिरत होते, फुगत होते, खाली जात होते.

"पेटीतई हायेत," ती म्हणाली.

"काय?"

"गाठी. तीनेक हायेत. धुनं झालं नोहतं. घेऊन जाणार होतो."

पेटी मी उघडली. वर इस्त्री केल्यासारख्या नीट घड्या घातलेली पातळं, आणि त्यांच्याखाली, अगदी तळाशी, गाठी. मी त्या बाहेर आणल्या. दोघी खाली बसलो आणि सोडवायला लागलो. तिची बोटं वाकलेली, तिच्यानं सुटेना, पण ती सोडेना. मी माझ्या दोन सोडवेपर्यंत तिची एक चालली होती. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. माही मी सोडतो."

तिची सुटल्यावर मी नणंदेला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून सासूपुढे धरला. काय बोलायचं ते मी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

"उद्या गाडी नको करू," सासू म्हणाली. "मी येत नाई."

"काऊन? वहिनी काई बोलल्या का?"

"वहिनी कायले बोलन? मले लघवी आवरत नाई पोरी. तुहा भाऊ गेला तवापासून. बसल्या जागी होते. वासबीस सगळा माहाच होता, मशीनचा नोहता. वहिनीले माहीत झालं." ती हे मोठ्यानं बोलली, तिला फोनवर मोठ्यानंच बोलता येतं. भिंतीपलीकडचा बादलीचा आवाज थांबला. सासूनं तिकडे एकदा पाहिलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. "वर्ध्याच्या डॉक्टरले दाखवू म्हनते थे. दाखवू. मी इथंच ऱ्हातो."

डॉक्टरचं मी काही म्हटलं नव्हतं. पण बरोबर होतं, म्हणणारच होते.

नणंदेचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग ती म्हणाली, "वहिनीले द्या." मी स्पीकर बंद केला नाही, तसाच फोन जवळ घेतला.

"वहिनी," ती हळू बोलली, "तुमाले किळस नाई येत?"

"येते," मी म्हटलं. सासू समोरच बसली होती, तिनंही ऐकलं. खोटं बोलायचं माझ्या अंगात त्राण नव्हतं.

"मंग?"

"मंग काय. माह्या घरचे कपडे हायेत. तुमी उद्या या ताई, पण गाडी नोका करू. बसनं या. जातानी तुमी एकट्याच असान."